पक्षाघातानंतर हातपाय सावरले, मग वडिलांचा थकवा का जात नाही?

प्रश्न : अजनीची_लेक

नमस्कार. माझे वडील ६४ वर्षांचे आहेत. नागपुरातील एका शाळेत त्यांनी ३१ वर्षे गणित शिकवले. गेल्या नोव्हेंबरात एका सकाळी दाढी करताना त्यांच्या उजव्या हातातून ब्रश गळून पडला आणि आईला हाक मारायला गेले तर शब्दच अडखळू लागले. शेजाऱ्यांच्या गाडीतून आम्ही त्यांना तासाभरात रुग्णालयात नेले, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन वेळेत मिळाले आणि नवव्या दिवशी ते स्वतःच्या पायांनी घराच्या पायऱ्या चढले. आज पाच महिने झाले आहेत. ते चालतात, उजव्या हाताने जेवतात, सहीसुद्धा जवळपास पूर्वीसारखी करतात. बोलणे स्पष्ट आहे, फक्त दमले की एखादा शब्द अडतो. बाहेरच्या माणसाला यांना काही झाले होते हे सांगूनही खरे वाटत नाही.

परंतु त्यांचा थकवा आमच्या समजण्यापलीकडचा आहे. आंघोळ करून आले की अर्धा तास पलंगावर पडून राहावे लागते. पूर्वी वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा हा माणूस आता अर्ध्या पानावर डोळे मिटतो. माझा सात वर्षांचा मुलगा शेजारी बसून मोठ्याने बोलू लागला की त्यांच्या चेहऱ्यावरचे पाणी उतरते. रात्री आठ तास झोपतात, दुपारीही दोन तास झोपतात, तरी उठल्यावर म्हणतात, ‘झोप झाली, पण थकवा तिथेच आहे.’ संध्याकाळी पाचला फिजिओथेरपिस्ट येतात, तेव्हा तर त्यांच्याने उभेही राहवत नाही.

आईला वाटते की त्यांनी मनच सोडून दिले आहे. नातेवाईक ताकदीची सलाइन लावायला सांगतात. मागच्या आठवड्यात मी स्वतः त्यांना म्हणाले, ‘बाबा, थोडा तरी प्रयत्न करा ना.’ त्यांनी काही उत्तर दिले नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. सध्या रक्त पातळ ठेवण्याची, कोलेस्टेरॉलची आणि रक्तदाबाच्या दोन अशा गोळ्या चालू आहेत. रुग्णालयात सुरू केलेली फिट येऊ नये म्हणूनची गोळीही चालू आहे, जरी त्यांना फिट कधीच आलेली नाही.

हा थकवा आजाराचाच भाग आहे का? की हे नैराश्य आहे? त्यांना झोपू द्यावे की उठवून चालायला लावावे? ज्यांच्या घरी हे घडले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.


उत्तर : सुभाषनगरकर

ताई, तुमच्या वडिलांच्या जागी मी चार वर्षांपूर्वी होतो. तेव्हा माझे वय ४७ होते. माझा झटका डॉक्टरांच्या भाषेत ‘सौम्य’ होता, डावा हात तीन आठवड्यांत पूर्ववत झाला. थकव्याने मात्र मला जवळपास दोन वर्षे जखडून ठेवले. म्हणून आधी एवढेच सांगतो की झटका लहान असला म्हणजे थकवाही लहान असतो, असा हिशेब येथे लागत नाही.

हा थकवा आणि कष्टाचा थकवा यांत फार फरक आहे. दिवसभर शेतात राबून आलेल्या माणसाला अंग टेकले की बरे वाटते, त्या थकव्यात एक समाधानही असते. हा तसा नसतो. चांगले बोलत बसलेले असताना अचानक डोक्यात धुके दाटल्यासारखे होते, समोरच्याचे शब्द कानांवर पडतात पण त्यांचा अर्थ लागत नाही, आणि पापण्या उघड्या ठेवणे हेसुद्धा काम होऊन बसते. झोपून उठले तरी तो गेलेला असेलच असे नाही. मला सर्वांत जास्त कशाने थकवा यायचा, तर चालण्याने नव्हे, आवाजाने. स्वयंपाकघरात मिक्सर चालू, हॉलमध्ये टीव्ही चालू आणि त्यात कोणी मला प्रश्न विचारला, तर पाच मिनिटांत मी संपून जात असे. बँकेतील एक फॉर्म भरणे मला फुटाळा तलावावर फेरी मारण्यापेक्षा जड गेले होते. तुमच्या मुलाच्या बोलण्याने बाबांचा चेहरा उतरतो, त्याचे कारण हेच असावे. नातवावरचे प्रेम कमी झालेले नसते. त्याचे बोलणे समजून घ्यायला लागणारी शक्ती त्या घटकेला शिल्लक नसते.

माझ्या उपयोगी पडली ती एक साधी शाळेची वही. माझ्या थेरपिस्टने मला दोन आठवडे दर दोन तासांनी काय केले आणि थकवा दहापैकी किती, एवढेच लिहायला सांगितले. मला वाटत होते की थकवा वाटेल तेव्हा येतो. वही भरल्यावर दिसले की त्यालाही चाल आहे. सकाळी दहापर्यंत मी बरा असे, आणि दुपारचा कोसळण्याचा प्रसंग हा बहुतेक वेळा सकाळच्या धावपळीची वसुली असे. कधी कधी तर ती वसुली दुसऱ्या दिवशी होई. चौथ्या महिन्यात एक दिवस फार बरे वाटले म्हणून मी वर्ध्याला एका लग्नाला गेलो, सगळ्यांशी बोललो, पंगतीत वाढायलाही उभा राहिलो. पुढचे तीन दिवस पलंगावरून उठलो नाही. बऱ्या दिवशी सगळी कामे उरकून घ्यायची आणि मग दोन दिवस पडून राहायचे, हे चक्र मोडणे हाच माझ्यासाठी खरा उपचार ठरला. त्यासाठी शिकावे लागले ते थकण्याच्या आधी थांबणे. काम अर्धे झाले आहे, अजून जमेल असे वाटते आहे, त्याच वेळी उठून वीस मिनिटे अंधाऱ्या, शांत खोलीत पडायचे. हे मनाला फार लागते, कारण आपल्याकडे अर्धे काम टाकून उठणाऱ्याला आळशी म्हणतात.

घरात लहान लहान बदल केले. आंघोळ स्टुलावर बसून, फार गरम नसलेल्या पाण्याने. कपडे आदल्या रात्री काढून ठेवायचे. दाढी आणि आंघोळ एकापाठोपाठ एक करायची नाही. सातव्या महिन्यात मी कामावर परतलो, पण दिवसाला तीनच तास, आणि गर्दीची वेळ टाळून सुभाषनगरहून झाशी राणी चौकापर्यंत मेट्रोने. आज मी सहा तास काम करतो. थकवा पूर्ण गेला असे मी म्हणणार नाही, पण तो कधी येणार हे मला आता आधी कळते.

आणखी एक. ‘चेहरा तर एकदम छान दिसतो तुमचा’ हे वाक्य लोक चांगल्या मनाने बोलतात, पण ऐकणाऱ्याला ते खोटारडा ठरवल्यासारखे वाटते. बाबांना एकदा फक्त एवढे म्हणा की तुम्ही थकता हे मला पटले आहे.


उत्तर : महालचा_रहिवासी

माझे मत थोडे वेगळे आहे, राग मानू नये. माझ्या थोरल्या भावाला २०१९ मध्ये लकवा झाला. पहिले काही महिने वहिनींनी त्यांना पाण्याचा पेलासुद्धा उचलू दिला नाही, आणि ते अधिकाधिक खंगत गेले, पायांतील बळ गेले, भूक गेली. अखेर आम्ही भावांनी आळीपाळीने त्यांना रोज सकाळी उठवून चालवायला सुरुवात केली. सुरुवातीला ते चिडत, कधी रडतही. परंतु तीन महिन्यांत फरक पडला. म्हणून मला वाटते की फार जपण्यानेही माणूस आजारी राहतो. वडिलांना झोपू देऊ नका, प्रेमाने पण ठामपणे उठवा.


उत्तर : हस्तकौशल्य_थेरपिस्ट

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे आजारानंतर रोजची कामे पुन्हा जमावीत यासाठी मदत करणारी आहे आणि पक्षाघाताच्या रुग्णांबरोबर बरीच वर्षे काम करीत आहे. रुग्णाला न पाहता सल्ला देण्याला मर्यादा असते, त्यामुळे खाली लिहिलेले घेऊन आपल्या न्यूरोलॉजिस्टशी बोलावे, ही विनंती.

पक्षाघातानंतरचा थकवा हा वैद्यकशास्त्राला माहीत असलेला, नाव दिलेला त्रास आहे. निरनिराळ्या अभ्यासांतील आकडे वेगवेगळे आहेत, तरी ढोबळमानाने निम्म्या रुग्णांना तो होतो, आणि काहींच्या बाबतीत तो वर्षानुवर्षे टिकतो. आपला मेंदू शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्केच असतो, पण विश्रांतीच्या वेळीही शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी जवळपास २० टक्के तोच वापरतो. त्याचा एखादा भाग निकामी झाल्यावर जे काम पूर्वी सहज, नकळत होत असे, त्यासाठी उरलेल्या भागांना जास्त राबावे लागते. शब्द शोधणे, पाय नीट टाकणे, गोंगाटातून एकच आवाज वेगळा काढणे, या सगळ्याला आता लक्ष द्यावे लागते. इजेनंतर मेंदूत होणारा दाह आणि चेतापेशींच्या उत्तेजनक्षमतेतील बदल यांचाही यात वाटा असावा, असे संशोधकांना वाटते. संपूर्ण कारणमीमांसा अद्याप उलगडलेली नाही. मात्र तुमच्या वडिलांनी मन सोडून दिले आहे म्हणून ते थकतात, असा निष्कर्ष इतक्यावरून काढता येणार नाही.

नैराश्याची शंका तुम्ही विचारली हे योग्य केले, कारण पक्षाघात झालेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना कधी ना कधी नैराश्य येते, आणि थकवा व नैराश्य पुष्कळदा हातात हात घालून येतात. तरीही ते एक नव्हेत. मी रुग्णाला विचारते, ‘करावेसे वाटते पण होत नाही, की करावेसेच वाटत नाही?’ पहिले उत्तर देणारा माणूस बहुधा थकलेला असतो. दुसरे उत्तर मिळाले, आवडत्या गोष्टींतील गोडी गेली, भूक मेली, मी तुमच्यावर ओझे झालो आहे अशी भाषा सुरू झाली, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यास उशीर करू नये. नैराश्यावर उपचार आहेत.

आता महत्त्वाचा भाग. ‘हा आजाराचाच थकवा’ असे म्हणून सोडून देण्यापूर्वी, ज्याच्यावर इलाज होऊ शकतो असे काही त्यामागे दडलेले नाही ना, हे तपासलेच पाहिजे. रक्तातील हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, सोडियम, मूत्रपिंडाचे कार्य आणि जीवनसत्त्व बी-१२ या साध्या तपासण्या आहेत. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-१२ कमी सापडणे अगदी नेहमीचे आहे. त्यानंतर झोप. वडील घोरतात का? घोरता घोरता मध्येच श्वास थांबल्यासारखा होऊन ते दचकतात का? पक्षाघाताच्या निम्म्याहून अधिक रुग्णांमध्ये झोपेत श्वास अडण्याचा विकार आढळतो. अशा माणसाला आठ तास झोपूनही विश्रांती मिळत नाही, शिवाय रक्तदाबावरही त्याचा वाईट परिणाम होतो. तुम्ही लिहिलेले ‘झोप झाली, पण थकवा तिथेच आहे’ हे वाक्य वाचून मला सर्वप्रथम हीच शंका आली. रात्री त्यांच्या श्वासाचा आवाज फोनवर ध्वनिमुद्रित करून डॉक्टरांना ऐकवा.

तिसरी गोष्ट औषधे. रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः हृदयाचे ठोके मंद करणाऱ्या, तसेच फिटवरची काही औषधे आणि स्नायूंचा ताठरपणा कमी करणारी औषधे यांनी सुस्ती येऊ शकते. फिटची गोळी अजून आवश्यक आहे का, रक्तदाबाची गोळी रात्री घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना अवश्य विचारा. पण हात जोडून सांगते, कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि रक्तदाबाची गोळी अचानक थांबवल्यामुळे दुसरा झटका येऊ शकतो.

ताकदीच्या सलाइनबद्दल विचारलेत. पाण्याची कमतरता किंवा अशीच दुसरी काही विशिष्ट गरज नसेल, तर तिने हा थकवा जात नाही. घटकाभर बरे वाटते ते पाणी, मीठ आणि साखर पोटात गेल्याने वाटावे तेवढेच, आणि ज्याचे हृदय दुर्बळ आहे त्याला ती अपायही करू शकते. या थकव्यावरील उपचारांचा जो आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१५ साली प्रसिद्ध केला, त्यात कोणत्याही एका उपायाच्या बाजूने पुरेसा पुरावा मिळाला नव्हता. पुढे ऑस्ट्रेलियातील एका चाचणीत मोडाफिनिल या औषधाने काहींना फायदा झाल्याचे दिसले, पण तिच्यात अवघे ३६ रुग्ण होते. त्यामुळे असे औषध दुकानातून आणून देण्याचा विचारही करू नये. या क्षणी आपल्या हातात आहे ते म्हणजे दडलेली कारणे दूर करणे, शक्तीचे नियोजन आणि बेताने वाढवलेला व्यायाम.

व्यायामावरून महालच्या काकांचे म्हणणे मी खोडून काढणार नाही. पडून राहिल्याने स्नायू झिजतात, दम कमी होतो आणि त्याचा पुन्हा नवा थकवा येतो, हे त्यांनी स्वतः पाहिले आहे आणि ते खरे आहे. मतभेद मात्रेचा आहे. ठामपणे उठवून दमेपर्यंत चालवण्यापेक्षा रोज सारखेच, थोडेच चालवावे. अगदी खराब दिवशीही जेवढे जमेल तेवढ्यापासून सुरुवात करावी, मग ते आठ मिनिटेच का असेना. आठवडाभर ते सांभाळता आले की दोन मिनिटे वाढवावीत. बरे वाटते म्हणून एका दिवसात दुप्पट करू नये. आणि ताई, पाच वाजताचा फिजिओ सकाळी नऊला आणा. अंगात शक्ती उरलेली नसते अशा वेळी सर्वांत जड काम ठेवले, तर ‘जमत नाही’ हाच अनुभव रोज गाठीला लागतो. दुपारची झोप जेवणानंतर अर्ध्या तासाची, गजर लावून. दोन तास झोपले की रात्रीची झोप बिघडते.

एक इशारा. चेहरा एका बाजूला ओढला जाणे, हात किंवा पाय अचानक लुळा पडणे, बोलणे किंवा दृष्टी एकाएकी बिघडणे याला थकवा समजून ‘थोडे झोपू दे, बरे वाटेल’ असे कधीही म्हणू नका. १०८ वर फोन करून लगेच मोठे रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, हे तुम्ही एकदा अनुभवले आहेच.


उत्तर : धरमपेठची_काकू

बेटा, मी यजमानांची सहा वर्षे सेवा करते आहे, म्हणून दोनच गोष्टी सांगते. आता एप्रिल लागला आहे आणि पुढे आपला नागपूरचा मे यायचा आहे. ४५ अंशांच्या उन्हात धडधाकट माणसाचे हातपाय गळतात, तिथे या माणसांचे काय होत असेल! आमच्याकडे दर उन्हाळ्यात त्यांचा थकवा दुप्पट होतो. सकाळी साडेपाच-सहाला चालणे उरकायचे, नऊनंतर बाहेरचे काम नाही, कूलरची खोली त्यांच्यासाठी राखून ठेवायची. पाणी मागतील तेव्हा न देता ठरवून द्यायचे, कारण त्यांना तहान कळत नाही. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारे औषध असेल तर उन्हाळ्यापूर्वी डॉक्टरांना जरूर विचारून घे. आमच्या यजमानांचे सोडियम एका मे महिन्यात इतके उतरले होते की ते मला ओळखेनात. मीठ मात्र आपल्या मनाने वाढवू नकोस.

दुसरे, पाहुणे. भेटायला येणाऱ्याला नाही म्हणणे आपल्या घरात पाप वाटते. मी दारातच सांगायला शिकले, ‘बसा, चहा घ्या, पण त्यांच्याजवळ दहा मिनिटेच, आणि एका वेळी एकानेच बोला.’ दोन नातेवाईक रुसले. बाकीच्यांनी समजून घेतले. आणि तू स्वतः किती झोपतेस, तेही कधी बघ.


पुन्हा : अजनीची_लेक

सर्वांचे मनापासून आभार. महिना उलटला, म्हणून काय झाले ते लिहिते.

सुभाषनगरच्या दादांचे उत्तर मी बाबांना वाचून दाखवले, दोन वेळा थांबत, कारण एका दमात ऐकणे त्यांना जमत नव्हते. ‘आवाजाने’ या शब्दापाशी त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, ‘हेच मला सांगता येत नव्हते.’ आई दाराशी उभी राहून ऐकत होती. त्यानंतर तिने मन सोडून दिल्याचे एकदाही म्हटले नाही. मी त्यांची माफी मागितली.

तपासण्यांत बी-१२ बरेच कमी निघाले, त्याची इंजेक्शने सुरू आहेत. डॉक्टरांनी फिटची गोळी टप्प्याटप्प्याने कमी करून बंद करण्याचे ठरवले आहे. घोरण्याचे ध्वनिमुद्रण त्यांना ऐकवले, तर त्यांनी अर्ध्या मिनिटातच झोपेची तपासणी लिहून दिली. त्या मुद्रणात एके ठिकाणी बाबांचा श्वास मी मोजला, तर २२ सेकंद आवाजच नाही. इतकी वर्षे आम्ही सगळे त्या घोरण्याला गाढ झोप समजत होतो. तपासणी पुढच्या मंगळवारी रात्री आहे.

फिजिओ आता सकाळी साडेआठला येतात. वही बाबा स्वतः भरतात, आणि गणिताचे मास्तर असल्यामुळे त्यांनी तिचा आलेखही काढला आहे. त्यात दिसते की सकाळी सात ते साडेदहा ते बरे असतात, दुपारी दोनला सर्वांत खाली जातात आणि साडेपाचच्या सुमारास पुन्हा थोडे वर येतात. त्या साडेपाचच्या चढावर ते माझ्या मुलाला पाढे शिकवतात, टीव्ही बंद करून, पंधरा मिनिटे. मधेच ते ‘लोडशेडिंग’ एवढाच शब्द उच्चारतात, आणि मुलगा वही मिटून दिवा मालवतो व पावलांचा आवाज न करता बाहेर येतो.

थेरपिस्टताईंना एक विचारायचे आहे. आजपर्यंत ते १४ मिनिटे चालतात. उन्हामुळे पुढील दीड महिना पहाटेच बाहेर पडावे लागेल, पण पहाटे उठवले तर झोप तुटते. अशा वेळी चालणे घरातल्या घरात, दोन भागांत विभागले तर चालेल का?


उत्तर : हस्तकौशल्य_थेरपिस्ट

चालेल. सकाळी सात-सात मिनिटांचे दोन भाग करा, मध्ये किमान अर्धा तास बसू द्या. झोप तोडू नका. जमीन पुसल्यावर लगेच चालवू नका आणि पायांत घट्ट बसणाऱ्या चपला असू द्या. झोपेच्या तपासणीत श्वास अडण्याचा विकार निघाला आणि रात्री श्वासाची वाट उघडी ठेवणारा मास्क लावायला सांगितला, तर पहिले दोन-तीन आठवडे वडील त्याला कंटाळतील. तेव्हा येथे लिहा. मास्कची सवय लावण्याच्या काही पद्धती आहेत, त्या सांगेन.